डुलला की दाबायचं

विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली आणि मास्तरांच्या वाट्याला पाण्याची पाळी आली ती नेमकी दुपारची, शाळेच्या वेळेची. विहीर चौघांच्या सामाईकीची. पाणी भरपूर होतं तोवर कुणी कुणाला विचारत नव्हतं, ज्याला हवं त्यानं मोटर चालू करावी. ऊन तापलं, पाणी खाली गेलं, तशी चौघांनी काठावर बसून पाळ्या लावल्या. त्या दिवशी मास्तर शाळेत होते. त्यांच्या वतीनं बायको गेली होती. पहाटेची, सकाळची, संध्याकाळची पाळी ज्यांनी आधी तोंड उघडलं त्यांनी उचलली, आणि उरलेली दुपार तिच्या पदरात पडली.

एरवी तिनं ती एकटीनं निभावली असती. दारं धरायला तिला कुणाची गरज नव्हती. खोऱ्यानं एका सरीचं तोंड मोडायचं, पाणी आत घ्यायचं, सरी भरली की चिखलानं तोंड बुजवून पुढची मोडायची. लग्नाआधीपासून ती हेच करत आली होती. पण त्याच सुमाराला बांधावरून तिचा पाय घसरला, ती उजव्या हातावर पडली आणि मनगट टम्म सुजलं. हात गळ्यात अडकवून ती डाव्या हातानं भेंडी तोडायची. भेंडीची लव बोटांना लागून खाज सुटायची आणि खाजवायला दुसरा हात मोकळा नसायचा.

"आता खाजवू कशानं, पायानं?" असं म्हणून ती स्वतःच हसायची.

मास्तर मात्र हसायचे नाहीत. पगारात घर चालायचं, पण वरचं जे काही लागायचं, लेकीचे कपडे, छपराची डागडुजी, बायकोचं दुखणंखुपणं, ते सगळं त्या भेंडीच्या तुकड्यावर. आणि ऐन तोडणीला आलेली भेंडी पाणी चुकलं की रुसते. पानं माना टाकतात, फळ वाकडं येतं, वाकडी भेंडी बाजारात कुणी हातात धरत नाही.

आता शाळेचं सांगायचं तर शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि एक मास्तर. चार भिंतींना तोंडं करून चार वर्ग बसायचे. एका कोपऱ्यात पाढे चालू झाले की दुसऱ्या कोपऱ्यातली कविता बुडायची. तिसरीला गणित घालून मास्तर वळेपर्यंत पहिलीत कुणीतरी कुणाला तरी चावलेलं असायचं. मास्तरांची लेक दुसरीत. एका जागी पाय ठरायचे नाहीत म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे, आणि मास्तरसुद्धा हजेरीत चुकून तसंच हाक मारायचे.

गेल्या वर्षापासून एक गाडी यायला लागली होती. ती मोठ्या गावातल्या शाळेची. त्या शाळेत पोरांच्या हातात यंत्रं देतात, यंत्र शिकवतं, अशी बातमी पसरली आणि एकेक घर पोराला त्या गाडीत बसवायला लागलं. आणखी थोडी पोरं गेली की या खोलीला कुलूप लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. गाडीचं भाडं न झेपणारी पोरं मग घरीच राहणार. तेव्हा शाळेच्या मंडळाचा मुख्य, गावचा लोहार, त्यानं घराघरात फिरून एक गोष्ट ठरवून आणली. प्रत्येक घरानं बागायतदाराच्या शेतावर कांदे काढायला जायचं आणि ती मजुरी शाळेच्या यंत्रासाठी ठेवायची. बाया ओणव्यानं कांदे उपटत राहिल्या, पुरुषांनी पोती वाहिली. लोहाराच्या बायकोची कंबर त्यात धरली ती धरलीच. ती अजून खाटेवरून उठताना भिंतीचा आधार घेत होती.

सगळं जमल्यावर लोहार मास्तरांकडे आला आणि म्हणाला की आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही म्हणाल ती पूर्व. मास्तरांना बरं वाटलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण कुणी त्यांना काही निवडायला सांगितलं नव्हतं. खडूसुद्धा वरून यायचा तोच घ्यायचा.

वापरून बघायला म्हणून तीन वस्तू आल्या. पहिला आला तो पडदा. त्यावर चित्रं हलायची, पण खोलीत अंधार हवा. खिडक्यांची दारं कधीच गेलेली, म्हणून पोरांनी घरून घोंगड्या आणून खिडक्यांना लावल्या. भर उन्हाळ्यात बंद खोलीत चित्र बघता बघता पहिली झोपली आणि चौथीतल्या एकाला घेरी आली. पडदा आल्या पावली परत गेला.

दुसरा आला बोलका डबा. दिसायला धान्याच्या मापट्याएवढा. तो प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचा. चार-पाच पोरांनी त्याच्याभोवती बसायचं, पुढ्यातल्या अक्षरांच्या चकत्या जुळवायच्या आणि एकमेकांना पटवून एक उत्तर मोठ्यानं म्हणायचं. उत्तर चुकलं तर डबा म्हणायचा, "असं का वाटलं, सांगा बरं." झालं! पोरांना एवढंच हवं होतं. जी पोरं वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हती ती तावातावानं भांडायला लागली. भिंगरीनं तर एका चकतीवरून लोहाराच्या नातीची वेणी ओढली. शेजारच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली आणि शाळा आहे की बाजार म्हणून विचारून गेली. संध्याकाळी मास्तरांचं कपाळ ठणकत होतं. त्यांनी डबा खोक्यात घालून वर दोरी बांधली.

तिसऱ्या आल्या काळ्या काचेच्या पाट्या. प्रत्येक पोराला एक, आणि कानावर लावायला एक टोपी. कानातली बाई विचारायची, "कमळ कुठे आहे?" पाटीवर चार चौकोन, चार शब्द. बरोबर चौकोन दाबला की चांदणी मिळायची. कानटोप्या चढल्या आणि खोली चिडीचूप झाली. मास्तर मध्यभागी उभे राहिले. त्यांना फळ्यावर बसलेल्या माशीचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांना स्वतःचा श्वास पहिल्यांदा ऐकू आला असेल. ते खुर्चीत बसले, पाय लांब केले, आणि त्यांचं ठरून गेलं. पोरं काय शिकतायत ते बघायला अजून महिना होता, पण त्यांचं तेव्हाच ठरलं होतं.

लोहाराला त्यांनी सांगितलं की या पाट्यांनी पोरांची एकाग्रता वाढते. लोहारानं तो शब्द घरी जाऊन बायकोला सांगितला. पाट्या आणणाऱ्या एजंटाची बोली अशी होती की महिनाभर वापरा. महिना भरला की बाजाराच्या दिवशी मी येईन, पसंत असेल तर सही करा, नको असेल तर उचलून नेतो. सही झाली की मग माल परत नाही.

पहिल्या दिवशी मास्तर शेतावर गेले ते नुसतं डोकावायला. मोटर चालू झाल्याचा आवाज शाळेत यायचा, शेत काही लांब नव्हतं. पोरं मान खाली घालून बसली होती. बायको एका हातानं खोरं ओढत असेल हे त्यांच्या डोळ्यांपुढं आलं आणि ते उठले. चार सऱ्या धरून परत आले तर पोरं होती तशीच बसलेली, पाट्यांवर चांदण्याच चांदण्या. दुसऱ्या दिवशी ते आठ सऱ्या धरून आले. मग रोजचंच झालं. पाट्या वाटायच्या, टोप्या चढवायच्या, दार ओढून घ्यायचं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून सरीत उतरायचं. बायकोनं सुरुवातीला विचारलं होतं की पोरं कुणाजवळ आहेत. पाट्यांजवळ, असं त्यांनी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पाणी वेळेवर मिळायला लागलं होतं, भेंडी सरळ येत होती, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही तो विषय नको होता.

मास्तर स्वतःची समजूत घालायचे. आपण तिथं बसून तरी काय करतो? उलट आपण नसताना पोरं जास्त गप्प असतात. पण शाळेत परत शिरताना ते हौदावर पाय धुवायचे आणि आधी रस्त्याकडे बघायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

एकदा लोहार त्यांना वाटेत भेटला. नातीचं कसं चाललंय म्हणून त्यानं विचारलं. मास्तर म्हणाले की चांदण्या ठेवायला जागा नाही. लोहाराचे हात ठिणग्यांनी भाजून भाजून काळे पडलेले. ते हात त्यानं छातीशी नेले. मग त्याची नजर मास्तरांच्या खांद्यावरच्या खोऱ्याकडे गेली. दांडा ढिला झाला होता. त्यानं खोरं काढून घेतलं आणि संध्याकाळी नवा दांडा बसवून, धार लावून घरी आणून दिलं. तुम्ही आमच्या पोरांसाठी एवढं करता, मग हे काय मोठं, असं म्हणून तो निघून गेला. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. ऊन लागलं असेल, असं ते बायकोला म्हणाले.

मग एका दुपारी वीज गेली. मोटर थांबली, पाटातलं पाणी जिरलं आणि मास्तर वेळेआधीच परत निघाले. दार उघडायच्या आधी ते खिडकीशी थांबले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आत पोरं बसली होती, पण एकही बोट हलत नव्हतं. सगळ्यांचे हात मांडीवर. सगळे पाटीकडे बघत होते आणि कुणी काही करत नव्हतं. पहिलीतल्या एकानं हात उचलला, तर शेजारच्या लोहाराच्या नातीनं तो धरून खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "डुलू दे."

थोडा वेळ गेला. मग सगळ्यांची बोटं एकदम पुढं आली, टपाटप दाबली गेली आणि पुन्हा मांडीवर गेली.

मास्तर आत आले. त्यांनी भिंगरीच्या कानावरची टोपी काढली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. पोरगी बापाला गंमत सांगायला मिळाली म्हणून खूश झाली.

"बाबा, घाई केली ना, तर लाल होतं आणि चांदणी जाते. काहीच नाही केलं, गप्प बसलं, की बरोबर चौकोन आपोआप डुलतो. डुलला की दाबायचं. सगळ्यांना येतं आता. मीच शोधून काढलं."

मास्तरांनी खडू घेतला. ज्या शब्दांच्या चांदण्या तिच्या पाटीवर होत्या तेच शब्द त्यांनी फळ्यावर लिहिले. कमळ. पाऊस. विहीर. मग तिला उभं केलं आणि वाच म्हणाले. भिंगरी फळ्याकडे बघत उभी राहिली. तिची नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली आणि परत आली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती अगदी शहाण्यासारखी वाट बघत होती.

"अजून डुलत नाही, बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी एकेका पोराला उभं केलं. ज्यांना आधी येत होतं त्यांना येत होतं. ज्यांना येत नव्हतं ती सगळी फळ्याकडे तशीच बघत राहिली. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्या लेकीला पाट्या यायच्या आधीही वाचता येत नव्हतं. तिला अक्षरं येत होती, पण ती जोडता येत नव्हती. बाप मास्तर, लेक त्याच्याच खोलीत, आणि त्याला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी फळा पुसला आणि पोरांना लवकर सोडून दिलं.

घरी बायको भेंडीची प्रतवारी करत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सरळ म्हणाली की परत करून टाका, अजून सही कुठं झालीय. मास्तर म्हणाले की तेवढं सोपं नाही. परत का करता म्हणून लोक विचारतील, मग इतके दिवस तुमच्या ध्यानात कसं आलं नाही म्हणून विचारतील, मग तुम्ही कुठं होता म्हणून विचारतील. चांगल्या भेंडीच्या ढिगात तिनं वाकडी टाकली आणि पुन्हा बाहेर काढली.

"माझ्या हातासाठी गेलात," ती म्हणाली. "सांगा तसं."

मास्तरांनी मान हलवली. बायकोच्या दुखऱ्या हाताआड लपायचं, एवढंच काय ते राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट्या कपाटात ठेवल्या आणि फळ्यापाशी उभे राहिले. चारी वर्ग एकदम बोलायला लागले. तितक्यात मोटरचा आवाज आला. ते जरा वेळ शिकवत राहिले, मग त्यांचं लक्ष उडालं. भेंडीनं मान टाकलेली असेल, बायको एका हातानं सरी मोडत असेल. आणि मग मास्तरांनी कपाट उघडलं, पाट्या वाटल्या, टोप्या चढवल्या आणि ते गेले. सगळं माहीत असून गेले. आधीच्या जाण्याला अज्ञान म्हणता आलं असतं, या जाण्याला काय म्हणायचं हे त्यांना सरीत उभं राहून सुचलं नाही. पाणी घोट्याशी आलं, सरी फुटून शेजारच्या सरीत गेलं, तरी ते तसेच उभे होते.

तिथूनच त्यांनी एजंटाला फोन लावला. तो चौकोन डुलतो ते बंद करता येईल का म्हणून विचारलं. एजंट पोक्त माणूस होता, गोड बोलून विकणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला की बंद होतं, पण मग पोरं चुकतात, चिडतात, आरडाओरडा करतात, आणि मास्तर लोक पाट्या परत करतात.

"तुम्ही एकटे नाही, साहेब. मी डबासुद्धा विकतो. पण सगळे मास्तर पाट्याच घेतात, कारण पोरं गप्प बसतात."

मास्तरांनी बरं म्हणून फोन ठेवला. शिवी खाल्ली असती तर कमी लागलं असतं.

बाजाराच्या दिवशी शाळा माणसांनी भरली. कांदे काढायला गेलेलं प्रत्येक घर आलं होतं. लोहाराची बायको कंबरेला फडकं बांधून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, कारण बसलं की तिला उठता येत नव्हतं. मास्तरांची बायको गळ्यातला हात पदरानं झाकून दाराशी थांबली. एजंटानं कागद टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. लोहारानं हौसेनं पोरांना पाट्या वाटल्या. पोरांनी हात मांडीवर ठेवले, पाटीकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या पाट्यांवर एकदम चांदण्या उमटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी रात्रभर एक थाप तयार केली होती. ते म्हणाले की पाट्या चांगल्या आहेत, पण रोज चार्ज कराव्या लागतात आणि शाळेतल्या विजेचा भरवसा नाही. लोहार म्हणाला, माझ्या भट्टीवर वीज असते, मी रोज नेऊन आणीन. मास्तर म्हणाले की काच आहे, फुटेल. दोघी-तिघी बाया म्हणाल्या की आम्ही जाड कापडाच्या पिशव्या शिवून देऊ. मास्तर म्हणाले की पोरांच्या डोळ्यांना त्रास होतो. तेव्हा लोहाराची बायको हसत म्हणाली की चुलीच्या धुरानं होतो त्यापेक्षा कमीच होईल. एकेक अडचण गाव मायेनं उचलून बाजूला ठेवत होतं आणि मास्तरांना पळायला वाट राहिली नाही.

तेव्हा त्यांनी जे केलं ते त्यांना पुढं कधी विसरता आलं नाही. त्यांनी भिंगरीला पुढं बोलावलं. फळ्यावर तेच तीन शब्द लिहिले आणि सगळ्यांसमोर वाच म्हणाले. यंत्राचा पोकळपणा लेकीच्या तोंडून आपोआप कळेल, आपल्याला काही बोलावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

भिंगरी उभी राहिली. फळा काही डुलला नाही. तिनं बापाकडे बघितलं, मग लोकांकडे, मग परत फळ्याकडे. मागं कुणीतरी खुदकन हसलं. भिंगरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. फ्रॉकचं टोक मुठीत धरून ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

"बघा," मास्तर म्हणाले, "महिनाभर पाटी वापरून हिला एक शब्द वाचता येत नाही."

खोलीत जराशी कुजबुज झाली. पण लोकांना यंत्राचा दोष दिसलाच नाही. त्यांना दिसली ती पोरगी. कुणीतरी कणवेनं म्हणालं की असतं एखादं लेकरू मंद, बाकीच्यांच्या चांदण्या बघा की. दुसरी एकजण म्हणाली, बिचारे मास्तर, सगळ्या गावाला शिकवतात आणि घरात हे. लोहारानं मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला की वाईट वाटून घेऊ नका, येईल तिलाही. मग त्यानं एजंटाकडून पेन घेतलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तर पेन धरून उभे राहिले. एवढं बोलून गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. गावाची खात्री झाली होती, मास्तरांची अब्रू शाबूत होती. खापर फुटलं होतं ते एका दुसरीतल्या पोरीच्या डोक्यावर, आणि तिला काही तेवढं कळणार नाही. मास्तरांनी हा विचार केला. खोटं कशाला बोला, केला. ते कागदावर वाकलेसुद्धा. वाकताना त्यांना आपल्या पायाच्या नखांतला चिखल दिसला आणि त्याच्या पलीकडे भिंगरीची अनवाणी पावलं. ती अजून तिथंच उभी होती, कारण तिला कुणी बस म्हणालं नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ती मंद नाही. मी इथं नव्हतो," ते म्हणाले. "तुम्ही मला शाळेत समजत होता तेव्हा मी रोज भेंडीला पाणी देत होतो. पोरं गप्प बसायची म्हणून मी ह्या पाट्या निवडल्या. मला जाता यावं म्हणून."

मग चौकोनाचं, डुलण्याचं, आणि कळल्यानंतरही आपण गेलो होतो त्याचं, सगळं त्यांनी सांगितलं. लोहारानं नातीला उभं करून फळ्यावरचं वाचायला लावलं. तिला कमळ तेवढं आलं. दुसऱ्या एकानं आपल्या पोराला उठवलं, त्याला तेही आलं नाही. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मास्तरांना ते सोपं गेलं असतं. लोहाराची बायको भिंतीवरून हात काढून हळूहळू दाराकडे चालायला लागली. लोहारानं नातीला खाली बसवलं आणि तो मास्तरांकडे वळला.

"आम्हाला वाचता येत नाही, मास्तर," तो शेवटी म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला निवडायला सांगितलं."

एजंटानं पाट्या गोळा केल्या, पुसून खोक्यात भरल्या आणि डबे पुढच्या फेरीला आणतो म्हणाला. मास्तरांकडे त्यानं बघितलं नाही, बहुधा चांगुलपणानं.

त्या संध्याकाळी मास्तरांची बायको पदर खोचून गेली आणि पहाटेच्या पाळीवाल्याला भेटून आली. गेली तशी लगेच परत आली. दुपार आणि पहाट त्यानं अदलाबदल करून दिली होती. वर असंही म्हणाला होता की मास्तरांची शाळा असते हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं, पण त्यांनी तरी तोंडानं मागायला काय हरकत होती, आधी मागितली असती तर आधी दिली असती. तिनं ते जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं आणि चुलीपाशी गेली. एवढंच होतं. चार शब्द बोलायचे होते, ते मास्तरांना कमीपणाचे वाटले होते.

पहाटेच्या गार पाण्यात दारं धरून मास्तर आता वेळेवर शाळेत यायला लागले. डबे आले, चार-पाच पोरांमागं एक. पोरं त्यांच्याभोवती कोंडाळी करून बसायला लागली आणि खोली पुन्हा दणाणली. शेजारची म्हातारी काठी घेऊन आली, तिला लोहारानंच परत पाठवलं. तो आता रोज कामावर जाता जाता खिडकीतून आत बघायचा. नमस्कार करायचा, पण थांबायचा नाही. मास्तर कोंडाळ्याकोंडाळ्यातून फिरायचे, भांडणं सोडवायचे, कधी चकत्या लपवून भांडण वाढवायचे. संध्याकाळी घसा बसायचा. लोहाराची नात पहिल्यांदा विहीर जुळवून ओरडली तेव्हा तिचा आवाज भट्टीपर्यंत गेला असेल.

पण भिंगरी बोलायची नाही. जिनं डबा पहिल्यांदा आला तेव्हा वेणी ओढली होती, ती आता कोंडाळ्याच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसायची. डबा विचारायचा, पोरं तिला कोपरानं ढोसायची, ती ओठ आवळून खाली बघायची. शाळेतल्या थोड्या चकत्या घरी आणून ती मांडायची. मास्तरांनी एकदा दाराआडून बघितलं होतं, तिनं कमळ जुळवलं होतं, पाऊसही जुळवला होता, आणि पावलं वाजताच सगळं मोडून टाकलं होतं.

एके दिवशी डब्यानं सोपा शब्द विचारला होता. बाकीच्यांनी ठरवून तिच्यासाठी जागा सोडली. भिंगरीचा हात पुढं झाला, चकत्यांवरून फिरला, आणि मास्तर जवळ आलेले बघून मागं गेला. मास्तर तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तुला येतंय, मला माहीत आहे, म्हण मोठ्यानं, असं ते तिच्या कानाशी म्हणाले. चारी बाजूंनी पोरं कल्ला करत होती. भिंगरीनं त्यांच्याकडे न बघता मान हलवली.

"सगळ्यांसमोर नको, बाबा," ती म्हणाली.